गोठ्याचें पाणी आणि उसाचें पाचट

कोडोलीच्या कोणत्याही आळीनें सकाळीं शाळेकडे निघालें असतां दोन गोष्टी दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहींत. एक, दुधाच्या किटल्या घेऊन संस्थेकडे लगबगीनें जाणारीं माणसें. दुसरी, गोठा धुतल्यावर गटारांतून वाहत जाणारें हिरवट काळें पाणी. पहिल्या गोष्टीचा आपणांस योग्य अभिमान वाटतो. १९६३ सालीं कोल्हापूर जिल्ह्याचा दूध संघ आणि १९६८ सालीं शेजारीं वारणानगरास वारणा दूध संघ स्थापन झाला. तेव्हांपासून दारच्या म्हशीनें कित्येक घरांतील मुलांच्या शाळेचा खर्च चालविला आहे. दुसरी गोष्ट आली कीं आपण नाक दाबतों आणि उडी मारून पुढें जातों. दुधाचा हिशेब थेंबाथेंबाचा आणि या पाण्याचा हिशेब मुळींच नाहीं, हें बरोबर नव्हे, एवढेंच मला येथें सांगावयाचें आहे.

त्या पाण्यांत असतें तरी काय? जनावर जें नत्र वैरणींतून व पेंडींतून खातें, त्याचा साधारण चौथा हिस्साच दुधांत उतरतो. बाकीचें शेणामुतांत जातें. त्यांपैकीं सुमारें निम्में नत्र आणि बहुतेक सर्व पालाश मूत्रांत असतें. आपण शेण उचलतों, त्याच्या शेणी थापतों किंवा तें उकिरड्यावर टाकतों. मूत्र मात्र फरशीवरून धुऊन सोडून देतों. मग तेंच नत्र पोत्यांतून विकत आणतों! शिवाय सोडलेलें पाणी नाहींसें होत नाहीं. तें ओढ्याला मिळतें, ओढा वारणेला मिळतो; कांहीं जमिनींत मुरून विहिरींत उतरतें. पिण्याच्या पाण्यांत एका लिटरास ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट नसावें, असें आपल्या देशाचें प्रमाण आहे. तें फार वाढल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति कमी होते व अंग निळें पडतें. तेव्हां हा प्रश्न केवळ दुर्गंधीचा नाहीं.

आतां शिवाराकडे पाहा. ऊस तोडून गेल्यावर एकरीं सुमारें तीन ते चार टन पाचट मागें राहतें, आणि एका काडीसरशीं त्याचा धूर होतो. म्हणजे गांवांत नत्र वाहून जातें आणि रानांत कर्ब जळून जातो. या दोहोंची गांठ घालून देणारे मजूर मात्र फुकट काम करावयास सिद्ध आहेत. ते म्हणजे डोळ्यांस न दिसणारे जीवाणू.

या मजुरांच्या गरजा थोड्या पण नेमक्या आहेत. त्यांस शक्तीकरितां कर्ब व शरीर बांधण्याकरितां नत्र लागतें. सुमारें तीस भाग कर्बास एक भाग नत्र असलें म्हणजे त्यांचें काम झपाट्यानें चालतें. नुसत्या पाचटांत नत्र फार थोडें, म्हणून तें वर्षभर तसेंच पडून राहतें. नुसत्या गोठ्याच्या पाण्यांत नत्र फार आणि हवा नाहीं, म्हणून तें सडतें व नत्र अमोनिया होऊन उडून जातें. दोन्ही एकत्र केलीं आणि हवा व ओल राखली, कीं ढीग आंतून तापूं लागतो. ५५ ते ६० अंशांच्या त्या उष्णतेंत तणाचें बीं व रोगाचे बहुतेक जंतु मरतात. ढीग निवाल्यावर दुसऱ्या जातीचे जीवाणू अमोनियाचें नायट्रेट करितात व तें पिकाच्या मुळांस घेतां येतें. हे जीवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० सालीं वेगळे करून दाखविले.

ही युक्ति नवी नाहीं. इंदूर येथें १९२४ ते १९३१ या काळांत अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनीं पालापाचोळा, शेण आणि गोठ्यांतील मूत्रानें भिजलेली माती एकत्र करून, तीन वेळां परतून, तीन महिन्यांत उत्तम खत करण्याची रीत बसविली. ती पुढें जगभर ‘इंदूर पद्धति’ म्हणून प्रसिद्ध झाली.

आपल्याकडे ती अशी करितां येईल. गोठ्याच्या पन्हाळीच्या तोंडाशीं लहान हौद बांधावा. उंचवट्याच्या जागीं वीतभर पाचट, त्यावर शेणाचा पातळ थर व थोडें जुनें खत, आणि वरून हौदांतील पाणी, असे थर कमरेइतके रचावे. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. पंधरा दिवसांनीं, महिन्यानें व दोन महिन्यांनीं ढीग परतावा, पावसाळ्यांत झांकावा. फिनेलचें पाणी हौदांत जाऊं देऊं नये, कारण तें या मजुरांचें विष आहे. पाचट चिवट असल्यानें चार महिनेही लागतील.

कोणी म्हणतील, जीवाणूंची तयार पाकिटें मिळतात, तीं टाकलीं म्हणजे झालें. तीं निरुपयोगी नाहींत. एक टन पाचटास एक किलो जीवाणू वापरावे, अशी कृषितज्ज्ञांची शिफारसच आहे. पण तिच्याच बरोबर आठ किलो युरिया सांगितलेला असतो, तो नत्राकरितांच. आपल्या गोठ्याचें पाणी त्याच कामास येतें. अन्न व हवा न देतां नुसतें पाकीट टाकणें म्हणजे मजूर बोलावून त्यांस उपाशीं कोंडण्यासारखें आहे. जागा नाहीं, ही अडचण मात्र खरी आहे. तेथें चार-पांच घरांनीं मिळून रानांत एक ढीग करावा. दुधाकरितां आपण सहकार शिकलों, तो खताकरितां कां न शिकावा?

परंतु सर्वांत मोठी अडचण मला वर्गांत दिसली. सकाळीं घरीं कोणतें काम करितां, असें मीं एकदां विचारलें. कोणी दळण सांगितलें, कोणी पाणी भरणें. एक हुशार मुलगा खालीं मान घालून गप्प बसला. शेजारी हळूच म्हणाला, “गुरुजी, तो शेणघाण काढतो.” वर्ग हंसला. त्या हंसण्यानें मला फार वाईट वाटलें, कारण वर्गांतील अर्ध्याअधिक मुलांची फी त्याच कामांतून येत होती.

विद्यार्थ्यांनो, रसायनशास्त्र व जीवशास्त्र तुम्ही पुस्तकांतून शिकतां. तुमच्या गोठ्यांत तीं दोन्ही रोज घडत आहेत. ज्यास तीं समजलीं, त्यास पाटी उचलण्याची लाज वाटणार नाहीं. आणि पालकांस माझी विनंति इतकीच, कीं या उन्हाळ्यांत पाचटास काडी लावण्यापूर्वीं एक गाडीभर पाचट बाजूस काढावें आणि ढीग रचण्याचें काम आपल्या शिकलेल्या मुलामुलींच्या हातीं द्यावें.