थांबा, आंबा अजून अढीत आहे!

दोस्तांनो, सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. तिनं जलरंगात हापूस आंबा रंगवला. तो दिसू लागला पिवळ्या पुठ्ठ्यासारखा सपाट! म्हणून तिनं लगेच वरून रंगीत पेन्सिल फिरवली, तर कागदच सोलला गेला. रडू आलं आणि तिनं चित्र टराटरा फाडलं. आता ती विचारते, "महागाची रंगपेटी घेऊ का?"

अगं, मुळीच नको! बारा पेन्सिलींची साधी पेटी आणि शाळेतले जलरंग पुरेत. तुझ्या दोन चुका झाल्या. पहिली चूक घाईची. दुसरी शेवटी सांगतो.

चला, तोच आंबा पुन्हा काढू या. कागद वहीचा नको. ड्रॉइंगचा जाड, जरासा खरखरीत कागद घ्या. आंब्याचा आकार अगदी फिकट काढा. जिथे उजेड चमकतो, तिथे छोटीशी जागा कोरी सोडा. आता पिवळा रंग भरपूर पाण्यात कालवून एक पातळ हात द्या. तो ओला असतानाच देठाजवळच्या खांद्यावर नारिंगीचा एक थेंब सोडा. तो आपोआप पसरेल. त्याला ब्रशानं छेडू नका.

आणि आता सगळ्यात अवघड काम, गप्प बसायचं! कागद ओला असला की मऊ पडतो आणि पेन्सिलीचं टोक त्याला ओरबाडतं. वाळला की नाही, हे कसं ओळखाल? हाताची मागची बाजू कागदाला हळूच टेकवा. गार लागला, तर आत ओल आहे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करू नका!

पण आधी पाणी आणि मग पेन्सिल, असं का? जलरंगात डिंक असतो, तो पाण्यात विरघळतो. रंगीत पेन्सिलीत बहुधा मेण असतं आणि मेणावर पाणी ठरत नाही. आधी पेन्सिल घासलीत, तर जलरंग वरून निसटून जाईल.

कागद वाळला? मग पेन्सिलींना छान टोक करा. हात हलका ठेवा आणि आंब्याच्या गोलाईप्रमाणे वळणाऱ्या रेषा ओढा. आधी पिवळी, मग नारिंगी, मग खांद्यावर थोडी लाल. प्रत्येक थर विरळ हवा, म्हणजे खालचा रंग त्यातून डोकावतो. कागदाच्या खरखरीतपणात बारीक बारीक खळगे असतात. पहिल्याच थराला जोर लावलात, तर ते मेणानं बुजतात आणि पुढचा रंग नुसता घसरतो.

सावलीसाठी काळी पेन्सिल उचलू नका, आंबा सडका दिसेल! जांभळी घ्या. पिवळ्यावर हलकी जांभळी फिरवली की सुरेख तपकिरी सावली पडते. सगळ्यात शेवटी पिवळी पेन्सिल थोडी दाबून फिरवा. सगळे थर एकमेकांत मिसळतील आणि साल तुकतुकीत होईल.

आता ती दुसरी चूक. चित्र फाडलंस, ती! थरांचं चित्र मधल्या वेळी वाईटच दिसतं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररनं १५०२ साली एक ससा रंगवला. तो व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. त्याच्याकडे रंगीत पेन्सिली कुठल्या? पण रीत हीच! आधी तपकिरी जलरंगाचा हात, मग त्यावर बारीक ब्रशानं एकेक केस, कुठे गडद, कुठे फिकट. नुसत्या पहिल्या हातानंतर त्याला ससा कोण म्हणालं असतं?

आई-बाबांनो, तुम्हालाही एक विनंती. मूल रंगवत असताना मागून डोकावून "हे काय गं?" असं विचारू नका. अढीतला आंबा आपण रोज दाबून बघतो का? पिकला की वास आपोआप घरभर येतोच की!

आणि मैत्रिणी, या वेळी बिघडलं असं वाटलं, तरी कागद बाजूला ठेव. दुसऱ्या दिवशी बघ आणि आणखी एक थर दे. मग सांग मला, आंबा पिकला का ते!