टर्की, पुरणपोळी आणि शेवटची पंगत

सणाच्या दिवशी घरात सगळ्यात शेवटी कोण जेवणार, हे माणसांच्या प्रेमावर नाही तर मेनूवर ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे. हसू नका, पुरावा आहे. फक्त तो अमेरिकेतला आहे.

तिथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतो. १९४१ च्या कायद्याने हा दिवस पक्का झाला. (तिथले काही मूळ रहिवासी १९७० पासून तो शोकदिन म्हणून पाळतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) २०२३ साली या सणाला आई आणि मी न्यू जर्सीला आत्याकडे होतो.

टर्की पंधरा पौंडांची, म्हणजे जवळजवळ सात किलो! गोठलेली टर्की फ्रीजमध्ये सुटायला दर चार-पाच पौंडांमागे एक दिवस लागतो, म्हणून ती रविवारीच खाली काढलेली. गुरुवारी ३२५ फॅरनहाइटला साधारण चार तास. मांसाच्या सगळ्यात जाड भागात १६५ फॅरनहाइट, म्हणजे ७४ सेल्सिअस आलं पाहिजे. आतेभाऊ थर्मामीटर घेऊन पहाऱ्याला. हीट ट्रान्सफरला हे उदाहरण शिकवलं असतं तर आमच्या वर्गातल्या निम्म्या केट्या वाचल्या असत्या.

खरी गंमत पुढे आहे. ओव्हन एक आणि पदार्थ पाच. म्हणून क्रॅनबेरी सॉस आणि भोपळ्याचा पाय (खायचा, चालायचा नव्हे) बुधवारी रात्रीच तयार. टर्की बाहेर काढल्यावर अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर कापताना सगळा रस वाहून जातो. तेवढ्या वेळात मोकळ्या झालेल्या ओव्हनमध्ये स्टफिंग आणि फरसबी. आई शाकाहारी, म्हणून तिचं स्टफिंग वेगळ्या भांड्यात, भाज्यांच्या पाण्यातलं. काका ग्रेव्ही ढवळतायत, आई बटाटे कुस्करतेय. पर्ट-सीपीएमचं याहून चांगलं प्रॅक्टिकल मी पाहिलेलं नाही.

आणि मग सगळे एकदम जेवायला बसले. गॅसपाशी कुणीच नाही. आई सवयीने दोनदा उठली, आणायला काहीच नव्हतं, परत बसली.

तिकडे सगळं समसमान असतं असं मी म्हणत नाही. फ्रीजवर चिकटवलेला वेळेचा तक्ता आत्याच्याच अक्षरातला होता आणि खरेदीही तिनेच केली होती. पण जेवताना ती ताटावर होती, एवढं खरं.

आता आपली होळी. पुरणपोळी तव्यावरून थेट पानात पडली पाहिजे, हा आपला हट्ट. म्हणजे लाटणारी तव्याशी अडकली. आपण "आई, तू पण बस ना गं" म्हणतो आणि पुढची पोळी मागतो! आई जेवते अडीचला. बरं, दुसऱ्या दिवशी हीच पोळी दुधाबरोबर खाताना "शिळीच जास्त छान लागते" असं म्हणणारे आपणच. मग आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून करून ठेवायला काय हरकत आहे? आणि गरमच हवी असेल तर पाच-पाच पोळ्यांनी तव्याशी माणूस बदला. नकाशा बिघडेल, बिघडू दे.

हेच मेसलाही लागू आहे. फीस्टच्या दिवशी पोळ्या लाटणाऱ्या मावशी किती वाजता जेवतात, कुणी पाहिलंय? पुढच्या फीस्टला पोळीऐवजी मसालेभात ठेवावा आणि त्यांचीही पानं आपल्याबरोबरच मांडावीत, असा अर्ज मी मेस सेक्रेटरीकडे दिला आहे. सही करायची असेल तर कागद त्याच्या रूमवर आहे.