विश्लेषण : अमेरिका निघून गेली, मित्रांचे काय झाले? अफगाण माघारीचा वाद अजून का धुमसतो आहे?

बगराम हवाई तळ अमेरिकेला परत हवा, असे डोनाल्ड ट्रम्प यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रिटन दौऱ्यात सांगितले आणि २०२१ च्या माघारीचा वाद पुन्हा पेटला. अफगाणिस्तानातून बाहेर पडायचे, यावर ट्रम्प आणि जो बायडेन यांच्यात मतभेद नव्हते. भांडण आहे ते कसे बाहेर पडलो यावरून. त्यात अमेरिकेच्या भरवशावर लढलेल्यांचा विषय मागेच पडतो.

करार कोणाशी झाला?

दोहा येथे २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिका आणि तालिबान यांच्यात करार झाला. काबूलचे सरकार त्यात नव्हतेच. तरी तालिबानच्या ५ हजार कैद्यांना सोडण्याचे कलम त्याच सरकारच्या गळ्यात पडले. अध्यक्ष अश्रफ घनी यांनी आधी नकार दिला, मग दबावाखाली कैदी सोडले. चौकीवरच्या सैनिकाला यातून काय कळायचे ते कळले.

‘नाटो’चे म्हणणे काय होते?

२०२१ च्या सुरुवातीला ‘नाटो’च्या मोहिमेत सुमारे ९,६०० सैनिक होते. त्यात अमेरिकेचे फक्त २,५०० होते, पण निघण्याची तारीख वॉशिंग्टनने ठरवली. अमेरिकेशिवाय थांबता येईल का, याची चाचपणी ब्रिटनचे तत्कालीन संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी केली, पण साथ मिळाली नाही. या युद्धात ब्रिटनने ४५७ सैनिक गमावले होते.

अफगाण सैन्य का कोसळले?

अफगाण सैन्य स्वतःसाठी लढायला तयार नव्हते, असे बायडेन म्हणाले. हे अर्धसत्य आहे. दोन दशकांत ६० हजारांहून अधिक अफगाण सैनिक आणि पोलीस मारले गेले. खरी गोम देखभालीत होती. रशियन बनावटीची ‘एमआय-१७’ हेलिकॉप्टर अफगाण तंत्रज्ञ बऱ्याच अंशी स्वतः दुरुस्त करत. अमेरिकेने त्यांच्या जागी ‘ब्लॅक हॉक’ आणली आणि त्यांची दुरुस्ती परदेशी कंत्राटदारांकडे राहिली. सैन्याबरोबर कंत्राटदारही निघाले. डोंगरातल्या चौक्यांना दारूगोळा आणि अन्न पोहोचवणे, जखमींना हलवणे हे बहुतांश हवाई मार्गानेच होत असे. तेच आटले. जुलैत अमेरिकी फौजेने बगराम रातोरात सोडला, नव्या अफगाण कमांडरला ते काही तासांनी कळले. १५ ऑगस्टला काबूल पडले. सैन्य आणि कंत्राटदार काढून घेण्याचा निर्णय हेच अफगाण सैन्य कोसळण्याचे सर्वांत मोठे कारण, असा निष्कर्ष अमेरिकेच्याच विशेष महानिरीक्षकांनी काढला.

माघारीच्या बाजूने मुद्दा आहे का?

आहे, आणि तो कमकुवत नाही. २० वर्षांत २,४०० हून अधिक अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले होते. दोहा करारातली मुदत १ मे २०२१ ला संपत होती. ती धुडकावली असती तर तालिबानशी पुन्हा उघड युद्ध झाले असते. पण कंत्राटदारांची सोय, दुभाष्यांचे व्हिसा ही कामे महिनोन्महिने आधी करता आली असती.

मागे राहिलेल्यांचे काय?

सव्वा लाखाच्या आसपास लोक विमानांनी बाहेर काढले गेले, तरी अनेक सहकारी मागे राहिले. ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाणांची माहिती फेब्रुवारी २०२२ मध्ये फुटली, ती बाब न्यायालयीन मनाईमुळे जुलै २०२५ पर्यंत दडलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी निर्वासित कार्यक्रमच थांबवला.

भारताची भूमिका काय?

भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचा दूतावास रिकामा केला. पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांपुढे तेव्हा परतायचे कुठे, असा पेच होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्ताकी दिल्लीत आले आणि दूतावास पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. त्याच महिन्यात मॉस्कोतील बैठकीत अफगाणिस्तानात परकीय लष्करी सुविधा उभारण्यास विरोध करणाऱ्या निवेदनात भारतही सहभागी होता.