राजधानी कोणी उघडी टाकली?

दिनांक २४ ऑगस्ट १८१४ रोजी मेरीलँडमधील ब्लेडन्सबर्ग गावापाशी सुमारे ६,००० अमेरिकन सैनिकांचा सुमारे ४,५०० इंग्रजांनी पराभव केला. वॉशिंग्टनच्या वाटेवर त्यानंतर कोणी आडवे उभे राहिले नाही. त्याच रात्री सेनापती रॉस राजधानीत शिरला आणि संसदगृह व राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद त्याने अग्नीच्या स्वाधीन केला. राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांना राजधानी सोडावी लागली.

या नामुष्कीचे खापर इतिहासकार युद्धमंत्री आर्मस्ट्राँग यांच्या माथी फोडतात. शत्रू बाल्टिमोरवर जाईल, वॉशिंग्टनकडे फिरकणारही नाही, या समजुतीत ते राहिले. नागरी सेना नवशिकी होती, सेनापती विंडर गोंधळले होते, असेही सांगितले जाते. हे सारे खरे आहे. पण एवढ्यानेच सत्य पुरे होत नाही.

'सर्व माणसे समान आहेत' अशी घोषणा १७७६ साली करणाऱ्या या राष्ट्राने लक्षावधी माणसांना गुलामीत जखडून ठेवले होते. जे संसदगृह जळाले, त्याच्या बांधकामावरही गुलाम राबले होते आणि त्यांच्या घामाची मजुरी मालकांनी खिशात घातली होती. अशा माणसांनी कोणत्या मायेने त्या वास्तूचे रक्षण करावे?

एप्रिल १८१४ मध्ये इंग्रज नौसेनापती कॉक्रेन याने जाहीरनामा काढला. जो आपल्याकडे येईल त्याला सैन्यात प्रवेश मिळेल, किंवा मुक्त माणूस म्हणून इंग्रजी वसाहतीत वसता येईल, असे त्यात आश्वासन होते. हजारो गुलाम बायकामुलांसह निघाले. त्यांपैकी काहींनी इंग्रजांना वाटा दाखविल्या. काही हाती बंदूक घेऊन ब्लेडन्सबर्गच्या रणांगणावरही उतरले. इंग्रजांना करुणेचा पाझर फुटला होता, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्या स्वतःच्या वसाहतींतील गुलामगिरी संपविणारा कायदा १८३४ पर्यंत अमलात आला नव्हता!

आणि या पळापळीत शेवटपर्यंत तोफांपाशी कोण उभे राहिले? कमोडोर बार्नी यांचे खलाशी व नौसैनिक. त्यांत काळे खलाशीही होते. चार्ल्स बॉल हा त्यांपैकीच एक. मालकाच्या तावडीतून निसटून आलेला हा मनुष्य बार्नी जखमी होऊन पडेपर्यंत तोफेवरून हलला नाही. शौर्य जन्मावर ठरते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे! आणि राष्ट्राने त्याला बक्षीस काय दिले? पुढे काही वर्षांनी त्याला पुन्हा गुलाम म्हणून पकडून जॉर्जियात नेण्यात आले. दुसऱ्यांदा निसटला, तेव्हा कोठे तो आपली कहाणी जगाला सांगू शकला.

युद्ध संपल्यावर तरी राज्यकर्ते शहाणे झाले काय? त्यांनी इंग्लंडकडे मागणी केली ती निघून गेलेल्या गुलामांच्या किमतीची! १८२६ च्या करारानुसार गुलाम व इतर मालमत्तेपोटी १२,०४,९६० डॉलर भरपाई त्यांनी पदरात पाडून घेतली. खुद्द राजधानीतील गुलामगिरी संपण्यास १८६२ साल उजाडावे लागले.

वाचकहो, ब्लेडन्सबर्गचा पूल शत्रूने ओलांडण्याआधीच ती राजधानी उघडी पडली होती. ज्या घरात काहींना मालक आणि काहींना मालमत्ता मानले जाते, त्या घराचा दरवाजा कितीही मजबूत असो, तो आतून कोणी लावावयाचा? माणसाला आधी माणसाचे हक्क द्या. मग त्याच्याकडे राष्ट्रनिष्ठा मागा.