दुसऱ्याच्या डोळ्यांनी किती दिवस लढायचे?

कारगिलच्या विजयाचा अभिमान आम्हालाही आहे. परंतु त्या विजयातली एक गोष्ट समाजबांधवांना क्वचितच सांगितली जाते.

२४ जून १९९९ रोजी हवाई दलाच्या मिराज २००० विमानाने टायगर हिलवरील शत्रूच्या ठाण्यावर लेझर बॉम्ब टाकला. नेम अचूक लागला. तो धरला होता विमानाखाली बसवलेल्या ‘लायटनिंग’ पॉडने. प्रत्येक उबदार वस्तूतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात. पॉडमधला कॅमेरा ते टिपतो, त्यामुळे अंधारातही तंबू, माणूस, इंजिन वैमानिकाला पडद्यावर दिसते. मग लक्ष्यावर लेझर रोखायचा. तिथून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या मागावर बॉम्ब जातो. हा डोळा इस्रायलचा होता.

आपल्या महाराष्ट्रात, नाशिकजवळ ओझरला, सुखोई-३० विमाने तयार झाली. सुखोईच्या नाकावर, वैमानिकासमोर, एक गोल डोळा असतो. रडारसारख्या लहरी न सोडता तो शत्रूच्या विमानाची उष्णता हेरतो, म्हणून शत्रूला पत्ता लागत नाही. तो डोळा मूळ रशियाचा. २०२० मध्ये आलेल्या राफेलचा डोळा फ्रान्सचा. कारखाना आपला, घाम आपला, दृष्टी मात्र उसनी!

असे का? विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ मध्येच व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या. आपली पोरे केवळ कारकून होऊ नयेत, प्रयोगशाळेत पोहोचावीत, ही त्यांची दृष्टी होती. स्वतंत्र भारताच्या सरकारने काय केले? संशोधन करणाऱ्या व त्याला दिशा देणाऱ्या वैज्ञानिक पदांना, ‘अ’ गटाच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या वर, आरक्षणातून सूट देण्याची तरतूद केली. दारातून आत या, पण जिना चढू नका!

आरक्षणाने गुणवत्ता बुडते, असे ओरडणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे. ज्या पदांना आरक्षण शिवलेच नाही, त्या पदांवरच्या गुणवत्तेच्या ठेकेदारांनी लढाऊ विमानाचा डोळा परदेशातून का आणू दिला?

सीमेवर महार रेजिमेंटचा जवान चालतो. मग त्याच्या डोक्यावरून उडणाऱ्या विमानाचा डोळा घडवायला त्याची मुलगी का चालू नये? मेडशीसारख्या गावातल्या मुलीला भौतिकशास्त्र आवडले, तर तिला भिंग, लेझर, सेन्सर हाताळायला कुठे मिळणार? आमचा वाशिम जिल्हा २०१८ मध्ये ‘आकांक्षित’ जाहीर झाला. फलक लावून आकांक्षा पूर्ण होत नाहीत. त्यासाठी शाळेत प्रयोगशाळा आणि वेळेवर शिष्यवृत्ती लागते.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. वैज्ञानिक पदांची ही सूट रद्द करा. संरक्षण संशोधनात श्रेणीनिहाय आमचे किती, ते जाहीर करा. आणि समाजबांधवांनो, जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा गावच्या शाळेतील विज्ञानाच्या साहित्यासाठी बाजूला काढा. बाबासाहेबांनी दिलेली दृष्टी उसनी नाही, ती आपली आहे. तिचा वापर करू या.

जय भीम!