ईगर म्हणजे हौस नव्हे

इंग्रजीच्या तासाला 'ईगर' हा शब्द आला. पुष्कळ जणांनी त्याचा अर्थ लिहिला, हौस. मला ते पटत नाही. हौस जत्रेतल्या पाळण्याची असते, बांगड्यांची असते. फिटली की संपली. 'हौसेला मोल नाही' असं म्हणतात खरं, पण पैसे नसले की घरात आधी हौसेलाच कात्री लागते. हौस शब्द अरबी 'हवस'वरून आला. उर्दूत हवस म्हणजे हाव, आपल्याकडे तो गोड झाला. 'ईगर' लॅटिनकडून आला, मूळ अर्थ तीक्ष्ण. व्हिनेगरमध्येही तोच शब्द आहे, असं बाईंनी सांगितलं. (व्हिनेगर फार आंबट असतं.)

माझ्या मते ईगर म्हणजे आतुर. कापूस वेचणीच्या दिवसांत काही मुली शाळेत येत नाहीत. संध्याकाळी घरी येऊन विचारतात, "आज काय शिकवलं गं?" ही काय हौस आहे?

आपली शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला दुसऱ्या गावी जावं लागतं. तेव्हा मोठी माणसं म्हणतात, "पोरीला शिकायची लई हौस!" हौस म्हटलं की पुढच्या वर्षी बघू म्हणता येतं. पालकांनी तो शब्द तेवढा बदलावा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी