पुराची यादी, मतांचा बाजार

आजची पोस्ट मोठी आहे आणि जरा कडू आहे. यात पहिला दोष माझाच आहे. तो आधी सांगतो, म्हणजे पुढं दुसऱ्याला बोलायचा मला काही हक्क राहील.

ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट. ब्रह्मनाळची बोट उलटली, तोच आठवडा. आपल्या गावातल्या नदीकडच्या गल्ल्या पाण्याखाली होत्या. बोटी आल्या, पोरं आली, पण कुठल्या घरात कोण अडकलंय हेच धड कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा आम्ही पाच-सहा जण एका दुकानाच्या माडीवर बसलो आणि लॅपटॉपवर एक्सेलमध्ये यादी केली. नाव, घराची खूण, मोबाईल नंबर, घरात माणसं किती आणि शेवटचा रकाना 'शेरा'.

तो शेऱ्याचा रकाना मी स्वतः टाईप केलाय. "आजी एकट्या राहतात, चालता येत नाही, उचलून आणावं लागेल." "गरोदर, आठवा महिना." "डायलिसिस आहे, शुक्रवार चुकवू नये." लोकांनी फोनवर हे सगळं सांगितलं, कारण पाणी उंबऱ्याला लागलं होतं आणि समोरच्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

यादी कामाला आली. बोटवाल्या पोरांना दारोदार हाका मारत फिरावं लागलं नाही. मग मी काय केलं? ती आख्खी फाईल मदतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ माणसं मावायची आणि आमचा ग्रुप काठोकाठ भरलेला होता. पूर होता, घाई होती, हे खरं. पण पाणी उतरल्यावर ती फाईल परत घ्यावी, निदान "काम झालं, पुसून टाका" असं चार ओळींत लिहावं, हेही मला सुचलं नाही. २०२१ च्या पुरात तीच फाईल पुन्हा बाहेर काढली, नवे नंबर भरले आणि पुन्हा ग्रुपवर टाकली. लोकांनी अंगठे दाखवले, मला बरं वाटलं.

आता गेल्या हिवाळ्यात या. नगरपालिकेची निवडणूक. एका उमेदवाराच्या कचेरीत मी चहाला बसलो होतो. तिथला एक पोरगा मोठ्या कौतुकानं म्हणाला, "दादा, आपला डेटा बघा की! प्रत्येक घर आहे." आणि मोबाईल माझ्या हातात दिला.

मी स्क्रीन वर सरकवत गेलो आणि एका ओळीवर थांबलो. "आजी एकट्या राहतात, चालता येत नाही, उचलून आणावं लागेल." माझंच वाक्य. टाईप करताना 'उचलून'चा 'उचलुन' झाला होता, तो ऱ्हस्व उकारसुद्धा तसाच. शेजारी दोन नवे रकाने होते. एकाचं नाव 'समाज'. दुसऱ्यात रंग भरलेले होते: हिरवा म्हणजे आपला, तांबडा म्हणजे त्यांचा, पिवळा म्हणजे काठावरचा. आजी पिवळ्या होत्या. पुढं लिहिलं होतं: "मतदानादिवशी रिक्षा पाठवणे."

म्हणजे बुडत्या माणसाला शोधायला केलेली यादी आता मत शोधायला लागली होती. शेरा तोच, काम दुसरं.

एकाच पक्षाला झोडतोय असं कुणी समजू नये. चार दिवसांनी समोरच्या उमेदवाराच्या माणसाकडं मी तीच यादी पाहिली. रंग तेवढे उलटे होते.

आता काही जण म्हणतील, मतदारयादी तर सार्वजनिकच असते. असते, आणि असलीच पाहिजे. पण जी मतदारयादी प्रसिद्ध होते तिच्यात मोबाईल नंबर नसतो. आजारपण नसतं, जात नसते, कोण एकटं राहतं तेही नसतं. हे सगळं तिला नंतर चिकटवलं जातं आणि ते पुरवणारे आपणच. मोफत नेत्रतपासणीच्या शिबिरात नोंद केली, पैठणीच्या लकी ड्रॉची चिठ्ठी भरली, पोरांच्या क्लासच्या ग्रुपवर नंबर टाकला, भिशीच्या बायकांची यादी कुणीतरी "जरा पाठवा की" म्हणून मागितली. एकेक यादी निरुपद्रवी वाटते. चार याद्या एका फाईलमध्ये घातल्या की आख्खं घर उघडं पडतं.

दुसरे म्हणतील, नंबर लपवायचं काय एवढं? पूर्वी टेलिफोन डिरेक्टरी नव्हती का? होती. आमच्या घरीही होती, फोनखाली ठेवलेली. पण त्या डिरेक्टरीत नाव, पत्ता आणि नंबर यापुढं काही नव्हतं. ज्याला छापून यायचं नव्हतं, त्याला नाव वगळायची सोय होती. आणि त्या काळ्या डबड्यावर बँकेचा ओटीपी येत नव्हता. आज त्याच नंबराला आधार जोडलेलं, खातं जोडलेलं, गॅस जोडलेला. आजचा नंबर म्हणजे घराची किल्ली आहे, पाटी नव्हे.

निवडणूक संपली. जानेवारीत त्याच आजींना फोन आला. समोरचा हिंदीत दरडावून बोलत होता. पोलीस आहोत, तुमच्या नावानं पार्सल सापडलंय, तुम्हाला डिजिटल अटक झालीय, व्हिडिओ कॉल उचला. आणि म्हणाला, तुम्ही घरात एकट्याच आहात, आम्हाला माहीत आहे. आजींचा फोन बटणाचा. त्यांना ना व्हिडिओ कळला ना पार्सल. त्या म्हणाल्या, "बाबा, मला चालता येत नाही, तूच ये जेवायला." त्यानं फोन ठेवला. गावभर हा किस्सा सांगून लोक हसले. मला हसू आलं नाही. 'एकट्या राहतात' हे त्याला कुणी सांगितलं?

आपल्याच यादीवरून गेलं, असं मी म्हणणार नाही. ते मला सिद्ध करता येणार नाही. पण यादीवरून गेलं नाही, हेही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कारण ती कुठं कुठं गेली याचा हिशेब माझ्याकडं नाही, कुणाकडंच नाही. माझी चूक ती हीच. (डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात कुठंही नाही. असा फोन आला तर ठेवून द्या आणि पैसे गेले असतील तर तात्काळ १९३० ला कळवा. घरातल्या म्हाताऱ्यांना हे आजच सांगा.)

हे सगळं आजच का लिहितोय? कारण गेल्या आठवड्यात आपली पोरं पावसाळ्याआधी नवी यादी करायला नदीकडच्या गल्लीत गेली होती. २०१९ ला ज्यांनी दार उघडून आत बसवलं होतं, त्यांनी या वेळी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. एक ताई म्हणाल्या, "तुमच्या यादीत नाव दिलं की निवडणुकीत रोज दहा फोन येतात. नको बाबा." एका घरानं नंबर दिला, तो लावून बघितला तर अस्तित्वातच नाही. ज्यांच्या सुनेचा आठवा महिना आम्ही तेव्हा लिहिला होता, ते काका मला म्हणाले, "पत्रकार, तुम्ही चांगले आहात हो, पण तुमच्या यादीला पाय आहेत."

काकांना काय उत्तर देणार होतो मी?

पुढच्या पुरात बोट येईल, पोरं येतील, पण यादी अर्धी असेल. आणि अर्धी राहील ती नेमकी त्यांचीच, ज्यांच्या घरात काही सांगण्यासारखं आहे: आजार, म्हातारपण, एकटेपण. धडधाकट माणसाचा नंबर कुणाकडंही गेला तर त्याला ताप होतो. या माणसांचा नंबर यादीत नसला तर जीव जातो. चार मतांसाठी ज्यांनी ती यादी वापरली, त्यांनी नदीकडच्या गल्लीचा विश्वास खर्चून टाकलाय. तो त्यांचा नव्हता. माझाही नव्हता.

"सगळेच करतात" हे मला सांगू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमतानं सांगितलंय की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेनं डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू व्हायच्या आहेत. त्या कायद्याचा गाभा साधा आहे: संमतीनं घेतलेली माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरायची, आणि माणसानं संमती मागं घेतली की थांबायचं. तुम्ही घरगुती कामासाठी मावशीचा नंबर ठेवलात तर त्याला हा कायदा लागत नाही, घाबरू नका. पण हजार घरांची रंगवलेली यादी ही काही घरगुती बाब नव्हे.

कर्जाच्या ॲपांचं उदाहरण घ्या. हप्ता चुकला की कर्जदाराच्या मोबाईलमधल्या सगळ्या नंबरांवर फोन करून त्याची अब्रू काढायची, हा धंदा आपण पाहिलाय. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं, कर्ज देणाऱ्या ॲपनं ग्राहकाच्या कॉन्टॅक्ट लिस्टला हात लावायचा नाही. का? कारण मोबाईल तुमचा असला तरी त्यातले पाचशे नंबर दुसऱ्यांचे असतात. जे सावकारी ॲपला चालत नाही, ते नगरसेवकाला कसं चालतं?

नुसता शिमगा करून उपयोग नाही. यादी लागणार आहे, पाऊस काही आपल्या भांडणासाठी थांबणार नाही. म्हणून काय करायचं ते सांगतो. आम्ही या वर्षी असंच करतोय.

एक. याद्या दोन करायच्या. मदत करणाऱ्यांची यादी उघडी ठेवायची: तलाठी, वायरमन, पाणीपुरवठ्याचा माणूस, बोटवाले, सर्पमित्र, सोबत ११२ आणि १०८. अर्थात बोटवाल्याला आणि सर्पमित्राला विचारूनच. ती चौकात लावा, स्टेटसला ठेवा, हवी तेवढी फिरवा. मदत लागणाऱ्यांची यादी मात्र बंद ठेवायची, तीन माणसांच्या हातात. त्या तिघांची नावं आख्ख्या गल्लीला ठाऊक पाहिजेत. बिघडलं तर कुणाचा कान धरायचा हे लोकांना कळलं पाहिजे.

दोन. बंद यादीची फाईल कुणालाही पाठवायची नाही. गूगल शीट केली तर नावानिशी तिघांनाच परवानगी द्यायची. 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय म्हणजे दार सताड उघडं टाकणं. बोटवाल्याला त्याच्या गल्लीतली सहा घरं सांगा, सहाशे नकोत.

तीन. सूचना द्यायला उठसूट ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. बायकांना रात्री-अपरात्री "हाय" कुठून येतात, हे ॲडमिन मंडळींनी एकदा आपल्या मनाला विचारावं. ब्रॉडकास्ट लिस्ट करा. निरोप सगळ्यांना जातो, नंबर एकमेकांना दिसत नाहीत. अट एवढीच की समोरच्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला पाहिजे. म्हणजे जायचं, ओळख सांगायची, सेव्ह करा म्हणायचं. हीच संमती. एका लिस्टमध्ये २५६ जणच बसतात, पण एका गल्लीला तेवढं पुष्कळ आहे.

चार. मोबाईलमध्ये हे नंबर आपल्या पाहुण्यारावळ्यांत मिसळू नका. कॉन्टॅक्टमध्ये वेगळं लेबल करा, 'पूर २०२६' असं. दिवाळीनंतर त्या लेबलातले सगळे नंबर निवडायचे आणि पुसायचे. घेतानाच सांगायचं, "काकू, दिवाळीनंतर पुसणार." आणि खरंच पुसायचं.

पाच. कुणी यादी मागितली तर एकच प्रश्न विचारा: कशाला? उत्तर देताना माणूस अडखळला, की समजा.

आणि तुमच्यासाठी: व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, त्यात ग्रुप्स. तिथं 'एव्हरीवन' असेल तर 'माय कॉन्टॅक्ट्स' करा. न विचारता कुठल्याही दादा-भाऊ-साहेबांच्या ग्रुपात ओढलं जाणं बरंच कमी होईल.

निवडून आलेल्यांना आणि पडलेल्यांना, दोघांनाही माझी जाहीर मागणी आहे. तुमच्या कचेरीतल्या मोबाईलमधून ती यादी पुसा आणि पुसली असं आपल्या फेसबुकवर लिहा. फोटो नको, माळ नको, दोन ओळी पुरेत. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी नदीकडच्या गल्लीत जाणार आहे. ज्या घरांची माहिती मी २०१९ ला ग्रुपवर टाकली, त्यांच्यापुढं हात जोडणार आहे आणि नवी यादी कशी ठेवणार ते सांगणार आहे. आजींच्या घरापासून सुरुवात. तुम्हीही या. येताना मोबाईलमधली जुनी फाईल शोधून ठेवा, तिथंच सगळ्यांसमोर पुसू.

काकांना उत्तर द्यायचंय मला. यादीचे पाय आम्हीच लावले होते, आम्हीच तोडतो.

(पोस्ट जरूर शेअर करा. खाली कमेंटमध्ये कुणाचाही नंबर टाकू नका, एवढं तरी ऐका.)